उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

नाव कुठं लिहू नको, उगाच गर्दी होते, असा दम तुम्ही भरलात म्हणून लिहीत नाही. पण गप्पही बसवेना, तेव्हा हे उघड पत्र.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी घेऊन मी कोल्हापुरात तुमच्या दारात आलो, तेव्हा मागचे शॉकअप बदलून जेमतेम महिना झाला होता. पद्मिनीचे मिळेनात म्हणून एका गॅरेजवाल्यानं "बसतंय की" म्हणत दुसऱ्याच गाडीचे घातले. बसले खरे! पण स्पीडब्रेकरवर मागून घणाचा घाव बसायचा आणि वरच्या ब्रॅकेटला चीर गेली होती.

तुम्ही शॉकअपकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काढून बाजूला ठेवलेत, बॉडीखाली स्टँड लावून मागच्या चाकांचा ॲक्सल मोकळा लोंबू दिलात आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत टेप धरलीत. मग गाडी खाली, डिकीत वाळूची पोती, वर आम्ही तिघं. ॲक्सल त्याला वर अडवणाऱ्या रबरी गुटक्याला टेकला, तेव्हा त्याच दोन बोल्टांमधलं माप पुन्हा घेतलंत. घातलेला शॉकअप पूर्ण मिटूनही या दुसऱ्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर लांब होता. म्हणजे गुटक्याआधी शॉकअपच तळाला आपटायचा आणि मार ब्रॅकेट खायचं. मी म्हटलं, आणखी कडक घालूया का? तुम्ही हसलात. "वजन स्प्रिंगचा पाटा धरतो रे. शॉकअप नुसत्या उड्या आवरतो. कडक घालून तुझंच कंबरडं मोडंल."

मग एका छोट्या व्हॅनचे शॉकअप शोधलेत: मिटल्यावर दुसऱ्या मापापेक्षा आखूड, ताणल्यावर पहिल्या मापापेक्षा लांब. फक्त भोक बोल्टला दोन मिलिमीटर सैल. वेल्डिंग मारून भरू, असं मी बोलून गेलो. ती नजर अजून आठवते. "आत तेल हाय, सील हाय. जाळतोस काय?" लेथवर स्टीलचे चार स्लीव्ह, म्हणजे भोकात बसणाऱ्या नळ्या, काढलेत, हातानं दाबले की बसतील इतके नेमके. शॉकअप उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढलीत. शेवटचे नट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळलेत, नाहीतर भोकातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं म्हणे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता पद्मिनीवाले दोस्त विचारतात, कुठल्या गाडीचे घातलेस? मी गाडीचं नाव सांगतच नाही. आधी दोन्ही मापं घेऊन ये, म्हणतो. तुमचीच खोड लागली.

पैसे तुम्ही फक्त शॉकअपचे आणि लोखंडाचे घेतलेत. त्यावर वाद घालायला रविवारी येतोच आहे. पाचशे किलोमीटर झाले, नट तपासायचे आहेत. परवा रत्नागिरीला निघालो होतो. आई मागच्या सीटवर मलकापूरपर्यंत गाढ झोपली होती. त्या गाडीत पहिल्यांदाच.

तुमचा,
पद्मिनीवाला