आईला श्वास सोडायला शिकवणाऱ्या फिजिओ ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, पण वाचलंत तर लगेच ओळखाल. तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य काढलेली, स्वतः एक बिडी कधी न ओढलेली आणि तरी चार पावलं चालली की धाप लागणारी निपाणीची पेशंट, बेळगावात तुमच्या वॉर्डात होती बघा, ती माझी आई. आम्हाला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती, म्हणून आभार असे सगळ्यांसमोर मानतेय.

डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, सांगितला होता, वखारीतली धूळ आणि घरातल्या चुलीचा धूर दोन्ही वर्षानुवर्षं छातीत गेलंय म्हणाले, इन्हेलर स्पेसर लावून कसा घ्यायचा तेही नीट दाखवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण आईला धाप लागली की भेटायला आलेलं प्रत्येक माणूस "मोठा श्वास घे गं, आत ओढ, आत ओढ" म्हणायचं आणि ती जितकी ओढायची तितकी अजून घाबरीघुबरी व्हायची. तुम्ही आलात, जरा वेळ नुसतं तिच्याकडं बघत उभ्या राहिलात आणि म्हणालात, "घेऊ नका ओ आई, आधी सोडा. निधान, निधान." म्हणजे कन्नडात हळूहळू. तुमची कन्नड वळणाची मराठी आईला इतकी आवडली की तिथंच तिची निम्मी भीती गेली.

मग तुम्ही केस पेपरच्या मागं पेननं काढून दाखवलंत ते मी अजून जपून ठेवलंय. वरून येणारी श्वासनलिका, तिचे दोन फाटे, खाली घुमटासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. निरोगी माणसाला शांत बसून श्वास सोडायला काही कष्टच पडत नाहीत, श्वासपटल सैल होतं आणि फुप्फुसं आपल्याच ताणानं आवळून हवा बाहेर ढकलतात, हे मला खरंच माहीत नव्हतं, शाळेत आकृतीला नावं देऊन मार्क घेतले तेवढंच. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंतीत लवचिक धागे असतात आणि आईचे ते तुटलेत, धुऊन धुऊन सैल झालेल्या मोज्यासारखं झालंय, ताणतंय पण परत येत नाही. त्यात एकदम बारीक नळ्यांना कूर्चेच्या कड्यांचा आधार नसतो, त्यामुळं जोर लावून सोडायला गेलं की त्याच मिटतात आणि हवा आत अडकते. आधीच भरलेल्या छातीत अजून हवा घ्यायची कुठं?

आणि सगळ्यात भारी म्हणजे आई आपोआप तोंडाचा चंबू करून फुंकत बसायची, आम्हाला वाटायचं वेदनेनं करते, तर तुम्ही म्हणालात तिच्या शरीरानं उपाय स्वतःच शोधलाय, ओठ असे अरुंद केले की आत थोडा दाब टिकतो आणि त्या बारीक नळ्या उघड्या राहतात. पुढं वाकून गुडघ्यावर हात रोवून बसायची तेही तसंच. हवा साठून श्वासपटल सपाट झालंय, त्याची ओढ कमी पडते, मग मानेचे आणि छातीचे स्नायू बरगड्या उचलतात, आणि हात टेकलेले असले की त्यांना जोर मिळतो. तिच्या मानेच्या त्या ताणलेल्या दोऱ्या आम्ही रोज बघत होतो ओ ताई, त्या का ताणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचं गणित तर मी घरी प्रत्येकाला ऐकवते. साधारण मोठं माणूस एका श्वासात 500 मिली हवा घेतं, त्यातली 150 मिली नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. मिनिटाला 12 श्वास घेतले तर 6 लिटर हवा, त्यातली 4.2 लिटर कामाची. आता घाबरून 250 मिलीचे 24 श्वास घेतले तर एकूण तेवढेच 6 लिटर, पण कामाची हवा फक्त 2.4 लिटर! तेव्हा मला कळालं की धापा टाकून इतकं थकूनही तिला हवा का पुरत नाही.

ऑक्सिजनचं पण तसंच. बोटावरच्या मशीनवर 90 दिसलं की आमचे पाहुणे नळी वाढवा म्हणून मागं लागायचे, तेव्हा तुम्ही आणि सिस्टर दोघींनी शांतपणे सांगितलंत की आईसारख्या पेशंटला 88 ते 92 चालतं, डॉक्टरांनी मुद्दाम तेवढंच ठरवलंय, उगाच जास्त सोडलं तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जाऊ शकतं. पाहुण्यांची समजूत काढणं हे तुमच्या ड्युटीत लिहिलेलं नसणार, तरी तुम्ही केलंत.

अजून एक. तुटलेले धागे परत जुळत नाहीत हे तुम्ही आईच्या तोंडावर सांगितलंत, गोड बोलून टाळलं नाहीत. मला त्या क्षणी राग आला होता, आईला मात्र ते पटलं, ती म्हणाली, "मग आहे त्यात भागवायचं की."

आणि भागवतेय ताई. जिना चढताना दोन आकडे मोजून नाकानं घेते, चार मोजून चंबू करून सोडते, आणि मोजते कन्नडात, ओंदू, येरडू, कारण तुम्ही तसंच मोजलं होतंत. बादली उचलायची, वरच्या फळीवरचा डबा काढायचा, जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा हे आता तिच्या अंगवळणी पडलंय. घरात गॅसच वापरतो, चूल बंद केली. मधूनमधून दम लागतोच, पण ती घाबरत नाही आणि आम्हीही नाही.

आता एक मागणं आहे. आईच्या जोडीनं वखारीत काम केलेल्या बऱ्याच बायकांना अशीच धाप लागते, त्या वय झालं म्हणून गप्प बसतात, दवाखान्यात जातच नाहीत. आई त्यांना कट्ट्यावर बसवून चंबू शिकवते, पण तपासणी कशी करायची, कुणाला कधी दाखवायचं हे तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. सुट्टीचा एखादा दिवस काढून निपाणीला याल का? बायका मी गोळा करते, जेवण आमच्याकडंच, तुम्ही फक्त वार कळवा.

तुमची,
निपाणीच्या पेशंटची मुलगी