सिस्टर, तुम्ही माझे श्वास मोजलेत

प्रिय सिस्टर,

मी तुम्हाला आठवणार नाही. रात्रपाळीत अशा किती जणी तुमच्या हाताखालून जात असतील! अठ्ठाविसावा आठवडा, हुडहुडी भरून ताप, उजवी कूस दाबून बसलेली. ती मी.

त्या रात्री जो तो येऊन बाळाचे ठोके ऐकून जात होता. ठोके छान, म्हणजे मीही छान. कंबर दुखतेय म्हटलं, तर ‘सातवा लागलाय, दुखायचीच’. तुम्ही माझ्या पाठीवर, बरगडी संपते तिथे, मुठीने हलकंच थोपटलंत आणि मी किंचाळलेच. मग मनगट धरून, घड्याळाकडे बघत मिनिटभर गप्प उभ्या राहिलात. मला वाटलं, नाडी बघताय. नाडी झाली होती; तुम्ही श्वास मोजत होतात. २८. एरवी १२ ते २० असतात म्हणे. ‘बाळ ठीक आहे हो, मला आईचं बघू द्या,’ असं म्हणून तुम्ही थेट मोठ्या डॉक्टरांना उठवलंत. रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, गेलं आणि तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं.

आता कबुली. फाइलमधला तो जुना रिपोर्ट मी मुद्दामच तळाशी ठेवला होता. लघवीत ई. कोलाय नावाचे जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. जळजळ नव्हती, काहीच नव्हतं. बाळाला उगाच औषध कशाला, म्हणून दोन गोळ्या घेऊन बाकीच्या ठेवून दिल्या. तुम्ही रागावला नाहीत. त्याच कागदाच्या मागे चित्र काढलंत: संप्रेरकांनी मूत्रवाहिन्या (किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या) सैलावतात, गर्भाशय त्यांच्यावर रेलतं, उजवीकडे जरा जास्तच, लघवी तुंबते आणि जंतू वर चढतात. उपचार न घेतलेल्या शंभरातल्या तिसेक जणींच्या किडनीपर्यंत ते पोचू शकतात. ‘गोळीला घाबरलात, जंतूला नाही!’ एवढंच बोललात.

दुसऱ्या रात्री धाप लागली, नाकाला ऑक्सिजन लावला. किडनीतला संसर्ग गरोदर बाईच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतो, हे तेव्हा कळलं.

रुबेला, झिका ही आजारांची नावं मला पाठ होती, पण ती सगळी बाळाच्या काळजीची. हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुधा आपसूक बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या २० ते २५ जणींचा जीव घेऊ शकते, हे पाणी उकळून प्यायला बजावताना तुम्ही सांगितलंत. आईच्या जिवाचं असं आधी कुणी बोललंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, म्हणा.

या वेळी गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. नंतरच्या कल्चरमध्ये ‘जंतूंची वाढ नाही’. तो कागद दाखवायला वॉर्डात आले, तर तुम्ही रजेवर. म्हणून हे पत्र.

तुमची,
खाट नंबर सात