पाण्याचा अर्ज आणि महाड

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाडीच्या पाण्यासाठीच्या मोर्चाबद्दल आणि समितीबद्दल फोनवर तुम्ही म्हणालात, "गुडघ्यांमुळे मोर्चात चालवणार नाही, मग समितीत राहून करू काय?" मला ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

महाड म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, चवदार तळ्याच्या पाण्याने भरलेली बाबासाहेबांची ओंजळ आठवते. पण त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोल्यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागद तयार होता, तळ्यावर जायची मात्र कुणाची छाती होत नव्हती. मग रा. बा. मोरे, अनंतराव चित्रे यांच्यासारख्यांनी परिषद उभी केली, सुरबा टिपणिसांनी साथ दिली. आलेल्या हजारोंना प्यायला पाणी हवं, तर ते चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं! ते पैसे जमवणारे, पाणी वाढणारे, भात शिजवणारे नसते तर तळ्यापर्यंत जायला माणसं थांबलीच नसती.

घात झाला तो पाणी पिऊन परतल्यावर. आता हे देवळात शिरणार, अशी अफवा उठली. कुणी जेवत होतं, कुणी घरी जायला गाठोडी बांधत होतं. अशा पांगलेल्या माणसांवर हल्ला झाला, अन्न मातीत गेलं. मोठं काम उरकलं की सगळे सैल पडतात. नेमकी तेव्हाच राखण लागते.

डिसेंबरात पुन्हा जमायचं ठरलं, तेव्हा व्यापारी सामान देईनात म्हणून शिधा बाहेरून आणला. जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. तळ्यावर कोर्टाची मनाई आली आणि पुढचं काम वकिलांकडे, साक्षीदारांकडे गेलं. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं तारखा सांभाळणं हेसुद्धा सत्याग्रहच, असं मी मानते.

आता आपल्या वाडीचं. मोर्चाला तरणी पोरं आहेत, कागद सांभाळणारं कुणी नाही. बाबा, ते तुम्हीच घ्या. ग्रामसभेत तोंडी "बघू" वर उठू नका. ठराव इतिवृत्तात चढला का, सूचक-अनुमोदकांची नावं आली का, ते पाहा आणि ठराव क्रमांकासह सही-शिक्क्याची नक्कल घ्या. पंचायत समितीत अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. पोच नसली की "अर्ज मिळालाच नाही" म्हणतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आई, नळावर कोण कधी येतं हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. महिनाभर वहीत लिही: तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, घरटी किती हंडे मिळाले. ज्या दिवशी आलंच नाही, तो रकाना कोरा सोडू नकोस, "नाही" असं लिही. शेवटच्या चार घरांचं वेगळं लिही, दाब तिथेच मरतो. महिना झाला की वहीची झेरॉक्स अर्जाला जोडा, मूळ वही घरीच ठेवा.

तुमची,
सुमन