अंत्यसंस्काराचा निर्णय कोणाचा, हे कायद्याने ठरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाडीतल्या एका आजींना अखेरपर्यंत सांभाळले ते त्यांच्या लेकीने. ‘माका अग्नी माझ्या चेडवानच देवचो’, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या गेल्या तेव्हा मुंबईचा चाकरमानी पुतण्या येईपर्यंत देह बर्फावर ठेवला आणि भावकीने अग्नी त्याच्याच हातून द्यायला लावला. लेकीला कोणी विचारलेही नाही.

मुलीने अग्नी देऊ नये असे सांगणारा कायदा नाही. भावकीला कोणताही कायदेशीर अधिकार नाही. पण मृत व्यक्तीच्या इच्छेलाही कायद्याचे बळ नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. अनेक जण ‘मृत्युपत्रात लिहून ठेवा’ असे सुचवतात. मृत्युपत्र चालते ते मालमत्तेपुरते, आणि देह ही मालमत्ता नव्हे. शिवाय आपल्याकडे मृत्युपत्राचा लखोटा तेराव्यानंतर उघडतो.

मृतदेहालाही प्रतिष्ठा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात मान्य केले. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात तर माणसाने हयातीत दोन साक्षीदारांसमोर (त्यांतला एक जवळचा नातलग) लिहून दिले असेल, तर देह ज्याच्या ताब्यात असेल त्याने अवयव काढू देणे बंधनकारक आहे. डोळ्यांबाबत माझा शब्द चालतो, मग अग्नी कोणी द्यावा याबाबत का चालू नये?

केरळमधील कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. देहदान की दफन, यावरून मुलांत वाद झाला आणि तो जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढे थांबणे कोकणातल्या घराला परवडणारे नाही. इथे दिवस मावळायच्या आत उचलायची घाई असते, त्यात पावसाळा, त्यात रविवार. लेक वकील कधी गाठणार? म्हणून कागद आधीच तयार हवा आणि तो सर्वांवर बंधनकारक हवा.

रात्रभर प्रवास करून येणाऱ्या मुलाचे, पुतण्याचे दुःख मी कमी लेखत नाही. त्यांनी दिवस करावेत, सुतक पाळावे. फक्त देहाचे काय करायचे, हे ज्याचा देह त्याने नेमलेल्या माणसाने ठरवावे.

दफन, दहन आणि स्मशाने हा विषय राज्यघटनेच्या राज्य सूचीत आहे, त्यामुळे दिल्लीकडे बघत बसायचे कारण नाही. कोकणातल्या आमदारांनी विधिमंडळात अशा विधेयकाची मागणी करावी. अशी नेमणूक नोंदवण्याची सोय ग्रामपंचायतीत असावी, आणि वाद झालाच तर पोलीस पाटलांनी त्या नोंदीप्रमाणे वागावे.

तोवर वाचकांनी आपली इच्छा साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहावी. एक प्रत नेमलेल्या माणसाकडे आणि एक पोलीस पाटलांकडे द्यावी. तिला आज कायद्याचे बळ नाही, पण अंगणात भावकी जमल्यावर दाखवायला लेकीच्या हातात काहीतरी असेल.

आपला,
एक वाचक, ता. देवगड