वायर राहू दे, पॅड ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमधून महागड्या हेडफोनच्या जाहिराती आणि 'कुठला घ्यावा' छापाची माहिती सुरू होते, ठीक आहे, पण गिऱ्हाइकाचा खिसा खरा जिथे कापला जातो त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. पंचवीस-तीस हजारांचा हेडफोन पसंत केला की दुकानदार लगेच, साहेब एवढा भारी पीस घेताय मग वायर पण तशीच नको का, असं म्हणत वेणी घातलेली, चांदीचा मुलामा दिलेली जाडजूड केबल काउंटरवर ठेवतो आणि किंमत सांगतो ती ऐकून घाम फुटतो.

आता हिशोब बघा. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, १९९७ साली आलेला, अजून विकला जातोय, इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. कंपनीच्या साध्या केबलचा रेझिस्टन्स, म्हणजे तिचा स्वतःचा अडथळा, अर्धा ओहम जरी धरला तरी ३०० पुढे तो किती, आवाजात डेसिबलच्या पन्नासाव्या भागाएवढाही फरक पडत नाही, आणि आपल्याला अख्ख्या एका डेसिबलचा फरक सुद्धा जेमतेम कळतो! कानात घालायच्या कमी ओहमच्या, आत तीन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनला केबलने थोडाफार फरक पडू शकतो हे मान्य, पण तो पण रेझिस्टन्समुळे, चांदीची काही जादू नसते. केबल तुटली तर नवीन घ्या, लांब पडते म्हणून आखूड घ्या, आवाज सुधारेल म्हणून घेऊ नका.

अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं, थोडं वेगळं आहे. ३०० ओहमला व्होल्टेज जास्त लागतं त्यामुळे फोनवर फुल करूनही आवाज कमी वाटत असेल तर छोटा अँप जरूर घ्या, प्लेनर, म्हणजे पातळ सपाट पडद्याचा हेडफोन, असेल तर ओहम कमी दिसले तरी काही मॉडेल करंट बराच खातात. पण ३२ ओहमचा, फोनवरच दणदणीत वाजणारा हेडफोन घेणाऱ्याच्या गळ्यात अँप कशाला? ब्लूटूथवर ऐकणाऱ्याला वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा डबा, विकणं तर हद्दच झाली, त्याचा डॅक आणि अँप हेडफोनच्या आतच असतो. वर दुकानात 'फरक ऐका' म्हणून अँपवर आवाज गुपचूप थोडा वाढवलेला असतो, आणि जरा मोठं वाजलं की कानाला चांगलंच वाटतं. मी एका ठिकाणी म्हटलं, दोन्हीकडे सारखा आवाज ठेवून ऐकवा, तर लगेच चहा मागवला गेला.

ऐकायला जाताना आपलीच गाणी न्या, दुकानातला ठरलेला धाडधाड बेसवाला ट्रॅक नको. सवाईच्या मंडपात बसून ज्याने तानपुरा ऐकलाय त्याला जवारी खरी वाटते की पत्र्यासारखी हे लगेच कळतं, डग्ग्याची घुमक पण तशीच. आणि ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीदार उघडा हेडफोन, घेणार असाल तर आधी घर बघा बरं का. आवाज मोकळा येतो हे खरंय, पण बाहेरचं काही अडत नाही, कर्वे रोडवर खिडकीलगत बसून भैरवी ऐकायची तर मेट्रो आणि हॉर्न साथीला येणारच, शिवाय तुमचं गाणं शेजारी बसलेल्यालाही ऐकावं लागतं.

खरा खर्च करायचा तो पॅडवर, म्हणजे कानाला टेकणाऱ्या गाद्यांवर, आणि नेमके तेच मिळत नाहीत. घाम, केसाचं तेल आणि रोजच्या दाबाने आतला फोम बसतो, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल बदलतो, मागून बंद असलेल्या हेडफोनच्या रेक्झिनला भेगा पडल्या की बेस गळायला लागतो. लोकांना वाटतं हेडफोन म्हातारा झाला, दुकानदार नवीन मॉडेल दाखवतो, आणि ओरिजिनल पॅड मागितले की उत्तर ठरलेलं, 'मागवावे लागतील, नक्की सांगता येत नाही'. हजारोंच्या वायरी शोकेसमध्ये आहेत आणि पॅड नाहीत, हे कसलं दुकान?

तेव्हा एक विनंती, पुढच्या पुरवणीत हेडफोनचा तक्ता छापाल तेव्हा किमतीशेजारी एक रकाना वाढवा, पॅडची जोडी केवढ्याला आणि पुण्यात मिळते का.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे