आई-बाबा, अर्ज पाठवला आहे

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या तीन वर्षांच्या कोर्ससाठी, म्हणजे डीपीटीसाठी, मी अर्ज केला आहे. ठरवून मग सांगते आहे, याचं वाईट वाटून घेऊ नका. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी माझ्याकडे बघून 'हो' म्हटलं असतं आणि रात्रभर जागत बसला असता.

बाबा, तुमचा प्रश्न मला माहीत आहे. साडेचार वर्षं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलंस, मग परत पहिल्यापासून कशाला? तिथे काम करायला एनपीटीई ही परीक्षा पास व्हावी लागते आणि प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं असतं. आपली पदवी घेऊन परीक्षेला बसायचं तर ती त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे का, हे आधी एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. त्यांची पदवी आता डॉक्टरेटची, त्यामुळे आपल्याकडचे विषय कमी पडतात आणि ते भरून काढावे लागतात. पोस्ट-प्रोफेशनल डीपीटी नावाचा छोटा कोर्स असतो, एजंट तोच पुढे करतात. पण कॅप्टी ही मान्यता देणारी संस्था तसल्या कोर्सना मान्यता देतच नाही, म्हणजे तो करूनही तपासणी चुकत नाही. कॅप्टीमान्य तीन वर्षांचा कोर्स केला की सरळ परीक्षेला बसता येतं. वेळ जास्त जाईल, पण पुढे कुणी माझे कागद अडवून धरणार नाही. माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे.

बहुतेक कॉलेजांचे अर्ज पीटीकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. ते जूनच्या मध्यात उघडतं आणि बरीच कॉलेजं अर्ज येतील तशा जागा भरत जातात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघायची नसते. काही कॉलेजं परदेशी मुलं घेतच नाहीत, ती आधीच गाळली. खरी अडचण केमिस्ट्री आणि फिजिक्सची. बहुतेक ठिकाणी दोन्हींची दोन-दोन सेमिस्टर्स लॅबसकट लागतात, आणि आपलं बारावीचं ते शाळेतलं म्हणून धरत नाहीत. हे विषय मी तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन करते आहे. अर्जात 'चालू' म्हणून दाखवता येतात. ऑनलाइन लॅब सगळीकडे चालत नाही, म्हणून प्रत्येक कॉलेजकडून ईमेलवर लेखी घेतलं आहे.

नाशिकला आत्याकडे आले होते ती याच कामासाठी. म्हसरूळला आमच्या आरोग्य विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज दिला. वेस नावाची संस्था आपले मार्क त्यांच्या पद्धतीत बसवून देते, आणि तिला कागद थेट विद्यापीठाकडूनच जावे लागतात, मी पाठवलेले चालत नाहीत. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, एवढ्यानेही फाइल अडकते. म्हणून टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेपासून शिफारसपत्रांपर्यंत सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लावलं आहे. आत्याला काही बोलू नका हं, तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

आता पैसे. कर्ज काढणार आहे, पण घर तारण ठेवायचं नाही. दादाच्या वेळी आईने जे सोसलं ते पुन्हा या घरात नको. तारण नसेल तर व्याज जास्त पडतं, ते मला मान्य आहे. सहकर्जदार दादा होतो आहे. बाबांची पेन्शन कुठल्याही कागदावर येणार नाही. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलं तर मुद्दल फुगत नाही, आणि तेवढी शिल्लक माझ्याकडे आहे. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र, मिळण्यासाठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो, तो कर्जमंजुरीच्या पत्रावर दाखवता येतो. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी, आणि मुंबईत बीकेसीला व्हिसाची मुलाखत.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. ज्वारीचं पीठ मिळतं तिथे, आणि भाकरी मला तुझ्यासारखी नाही तरी थापता येते. राहायला कॉलेजजवळच बघेन. एवढंच, की कोर्समध्ये निदान ३० आठवडे पूर्णवेळ हॉस्पिटलात काम करावं लागतं आणि ते दुसऱ्या गावीही असू शकतं. तेव्हा गाडी चालवावी लागेल. जाण्याआधी इथे नीट शिकून घेईन.

एक काम तुझ्याकडे. तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझं लसीकरणाचं कार्ड असेल, त्याचा फोटो पाठव. हेपॅटायटिस बी आणि गोवराच्या तारखा हव्यात. कांजिण्या होऊन गेल्या असं तोंडी सांगून चालत नाही. तू कडुनिंबाचा पाला अंथरून मला त्यावर निजवायचीस, अंगाला हात लावू द्यायची नाहीस, ते माझ्या पक्कं लक्षात आहे, पण त्यांना रक्तात त्या रोगाची प्रतिकारशक्ती आहे का हे बघणारी टायटर तपासणीच लागते. कार्ड सापडलं नाही तर रडत बसू नकोस, बाकीच्याही टायटर करून घेईन.

आणि आता दोघांनीही नीट ऐका. बाबा, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. डावा गुडघा दुखतो, तर काठी उजव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कमोड बसवून घ्या, प्लंबरशी मी बोलले आहे, यावर वाद नको. आई, खांदा शुगरमुळेही आखडतो, तेव्हा गोळी चुकवायची नाही. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसू नकोस. टेबलावर दुसरा हात टेकून वाक, दुखरा हात खाली सैल सोड आणि लहान लहान गोल फिरव. आधी शेक घे. त्या हाताने पाण्याची कळशी उचलायची नाही, म्हणजे नाही.

निवड झालीच तरी निघायला पुढचं वर्ष उजाडेल. गणपतीत घरी येते आहे, तेव्हा सगळी फाइल घेऊन बसू, बाबांनी हवं ते विचारावं. रागावला असाल तरी रविवारी फोन मात्र उचला.

तुमची,
चिमी