आमच्या गावात एक जूनला फार पोरं जन्मतात

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वर्गातल्या फळ्यावरची ‘बाकी’

साहेब, नमस्कार.

माझी जन्मतारीख १ जून १९८१. ती खोटी आहे आणि खोटी आहे हे शाळेपासून तहसीलपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला शाळेत घालायला आई गेली तेव्हा तिला एवढंच सांगता आलं की पोळा जवळ आला होता आणि पाऊस लागून राहिला होता. गुरुजींनी मनाशी हिशेब केला. शाळा जूनमध्ये उघडते, पोर सहाचं भरायला हवं. टाकली एक जून. आमच्या वर्गात माझ्यासोबत वाढदिवस असणारी कितीतरी पोरं होती. सगळी मजुरांची, नाहीतर दोन-अडीच एकरवाल्यांची. डॉक्टरांच्या मुलाची तारीख मात्र वेगळी होती आणि त्या तारखेला तो वर्गात लिमलेटच्या गोळ्या वाटायचा.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका बाजाराच्या गावात ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. झेरॉक्स, दाखले, फॉर्म, अंगठा लावून बँकेचे पैसे काढून देणं. जून ते सप्टेंबर माझ्या धंद्याचे दिवस. म्हणजे हे जे मी तुम्हाला लिहितोय त्यावरच माझं घर चालतं, हे आधी सांगून टाकतो. दुसरंही सांगून टाकतो. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीला आहे आणि मुलगा पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. मुलीला का नाही घातलं, असं तुम्ही विचाराल. दोघांची फी झेपत नव्हती, मग जे सगळे करतात तेच आम्ही केलं. बायको अजून त्यावरून बोलते.

मूळ मुद्दा मुलीमुळेच कळला. मागच्या भाद्रपदात ती घरी आली आणि म्हणाली, “पप्पा, आमच्या वर्गात तिघं जण बाकी आहेत.” मला वाटलं, दुकानाची उधारी. म्हटलं, कसली बाकी? म्हणे, आधार बाकी. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात तीन नावं लिहून ठेवली होती आणि रोज हजेरी झाली की त्या तिघांना उभं करून विचारायच्या, झालं का? त्यातली एक मुलगी पाड्यावरची. आठ दिवसांत तिने शाळेत यायचं सोडलं. माझी मुलगी सांगते, ती हजेरीच्या वेळी दप्तर मांडीवर घेऊन खाली वाकून बसायची.

मी बाईंना दोष देत नाही. त्यांच्यावर कुठून दाब येतो ते मला दिसतं, कारण त्यांच्या शाळेची माहिती भरायला कधी कधी मीच बसतो. तुमच्या खात्याच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या हिशेबात, जे पोर आधारशी जुळलं तेच मोजलं जातं. तीन पोरं जुळली नाहीत तर पट तिघांनी कमी. पट कमी झाला की शिक्षकाचं पद हलतं, आणि वीसच्या आत गेला तर पुढे काय, हे २०२३ साली समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचं पत्र निघालं तेव्हापासून पाड्यापाड्यावर बोललं जातं. त्यात आमच्याच खानदेशातल्या तोरणमाळचा दाखला दिलेला होता. म्हणजे बाकावर बसलेली, पोषण आहाराची थाळी घेऊन रांगेत उभी असलेली, पाढे म्हणणारी पोरगी आहे. पण कॉम्प्युटरमध्ये नाही, म्हणून नाही. बाई त्यांची जागा वाचवायला बघतात आणि त्याचा दाब शेवटी सात वर्षांच्या पोरीवर येतो.

आता त्या पोरीचा कागद का अडला ते सांगतो. नाव लिहीत नाही, त्यांना अजून याच शाळेत यायचं आहे.

तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बारडोलीच्या बाजूला. पोरीचा जन्म पडावावरचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या वस्तीतला. आधारही तिथेच निघालं. त्यामुळे कार्डावर पत्ता गुजरातेतला, अक्षरं गुजराती आणि इंग्रजी नावात एक ‘ए’ जास्त. घरात पोरगी पावरी बोलते, बाजारात अहिराणी. शाळेत पुस्तकातली मराठी, कार्डावर गुजराती, आणि मशीन जुळवतं इंग्रजी. पाच भाषांमधून गेल्यावर एक अक्षर इकडचं तिकडे होणारच.

सप्टेंबरात तिची आई माझ्या दुकानात आली. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी तिने टेबलावर पालथी केली आणि त्यातून घडी घालून घालून कापडासारखे मऊ झालेले कागद निघाले. म्हणाली, “बठ्ठा कागद लई वनू, भाऊ. आते तरी व्हई ना?” सगळे कागद आणलेत, आता तरी होईल ना, असं विचारत होती. माझ्याकडे आधारचं मशीन नाही, ते तालुक्याला. मी फॉर्म भरून दिला, चिठ्ठी लिहून दिली. पहिल्या दिवशी ती गेली तर सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला जन्माचा दाखला मागितला. तो गुजरातच्या ग्रामपंचायतीचा, तिथल्या ओळखीच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर मागवला, मी प्रिंट काढून दिली. तिसऱ्या खेपेला दाखला चालला, पण आईचा अंगठा मागितला आणि तो उमटला नाही. साहेब, कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं तुम्ही कधी जवळून बघा. बोंडाची वाळलेली टोकं रोज टोचून टोचून बोटांच्या रेषा झिजून जातात. माझ्याही मशीनवर हंगामात निम्म्या बायांचे अंगठे पुसून, ओला रुमाल लावून, पुन्हा पुन्हा दाबून बघावे लागतात. ज्या कामाने ती पोरीला शाळेत ठेवते त्याच कामाने तिचा अंगठा गेला.

खेपा तीन. आमच्याकडे वेचणीला किलोमागे दहा रुपये धरा, दिवसाला चाळीस किलो. एका खेपेत चारशे बुडाले, तिन्हीचे बाराशे. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण पाड्यापासून एसटीपर्यंत जीपच लागते आणि तिथे अर्धं काही नसतं. वर माझे पैसे. पहिल्या वेळी घेतले, नंतर घ्यायची लाज वाटली. तर ही मोफत शाळेची फी.

त्याच महिन्यात माझ्या मुलाच्या शाळेतूनही आधारबद्दल मेसेज आला होता, पालकांच्या ग्रुपवर, प्लीज लावून. मी रात्री जेवण झाल्यावर दुकानाचा लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत काम केलं. माझ्या मुलाला कोणी उभं केलं नाही. त्याला अजूनही माहीत नाही की त्याचं काही बाकी होतं. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत हा फरक मला रोज दिसतो. नोकरदारांचे कागद फोनवर येतात, ‘करून ठेव, संध्याकाळी पोरगा येईल घ्यायला’. मजुरांचे कागद पिशवीतून येतात, सोबत बाई येते, तिच्या कडेवर पोर येतं आणि ती बाहेरच्या ओट्यावर बसून राहते. फोनवाल्याचं काम आधी होतं. मीच करतो, काय सांगू.

कायदा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. आणि नाकारत कोणी नाहीच. पोराला आत घेतात आणि मग वर्षभर त्याच्याकडून पुरावा वसूल करत बसतात. माझ्या गुरुजींनी वेगळं काय केलं? कागद नव्हता, तर तो तयार करायचं ओझं त्यांनी स्वतःवर घेतलं. तारीख खोटी टाकली, पण टाकली शाळेने. आईला तालुक्याला पाठवलं नाही. जवळपास चाळीस वर्षांत एवढंच उलटं झालं, ओझं शाळेच्या टेबलावरून आईच्या डोक्यावर गेलं.

तुमच्याकडे योजना पुष्कळ आहेत. प्रत्येक योजनेच्या दारात एक कागद उभा आहे, हे मात्र मुंबईतून दिसत नसावं. मुलींचा उपस्थिती भत्ताच घ्या, १९९२ साली सुरू झाला, दिवसाला एक रुपया. रुपयाला मी हसत नाही, तेव्हा रुपयाला किंमत होती. पण त्या रुपयासाठी दारिद्र्यरेषेचा पुरावा, जातीचा दाखला, बँकेचं खातं. २०१७ साली गणवेशाचे चारशे रुपये आई आणि मुलाच्या संयुक्त खात्यात जमा करायचे ठरलं, तेव्हा आमच्या बँकेबाहेर बायांची रांग लागली होती. खातं उघडायला गेलेल्या दिवसांची मजुरी चारशेच्या वर गेली. काहींनी सरळ सांगितलं, जुना गणवेश चालेल.

खासगी शाळांत गरिबांच्या पोरांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव असतात, त्याचे फॉर्म तर मी दरवर्षी भरतो. नकाशावर घराचा फुगा ठेवायचा, शाळेपासूनचं अंतर आपोआप येतं. पाड्यावरचा फुगा कुठल्याच इंग्रजी शाळेजवळ पडत नाही. जवळ पडतो तो बाजारपेठेत राहणाऱ्यांचा. त्यांच्यातल्या काहींचे एक लाखाच्या आतले उत्पन्नाचे दाखले मी माझ्या हाताने स्कॅन केलेत, आणि बाहेर उभी असलेली त्यांची गाडीही पाहिली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सोडवलं, जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बाजारपेठेत त्यावर खूप चर्चा झाली. पाड्यावर कोणाला पत्ताही नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने आधी काही मिळत नव्हतं आणि नंतरही नाही.

अंड्या-केळ्याचंही बोलून घेतो. २०२३ च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला आणि सांगितलं, लोकसहभागातून करा. केळीच्या जिल्ह्यात केळं द्यायला काय लागतं? द्यायला हरकत कोणाची नाही. पण ज्यांच्या बागा आहेत त्यांची पोरं पिवळ्या गाडीत जातात. उरलेली पोरं त्या बागेत घड वाहणाऱ्यांची. शाळेत काय शिजतं ते बागवाल्याला कळणार कसं? मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना जातो. आम्ही सतरंजीवर बसून सही करतो आणि उठतो. बोलायला ज्याला येतं तो पालक त्या सतरंजीवर आता नसतो. माझ्यासारखा एखादा असतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

आता मागणं. फार मोठं नाही, पैसेही फार लागणार नाहीत.

आधारचं मशीन शाळेत आणा. वर्षातून दोनदा, एकदा जुलैत आणि एकदा सप्टेंबर संपायच्या आधी. आणि कृपा करून बाजाराच्या दिवशी आणा. त्या दिवशी मजुरांना सुट्टी असते, रोज बुडत नाही. हे तुमच्या कुठल्या परिपत्रकात नसेल, पण आमच्याकडे सगळा कारभार बाजाराच्या दिवसावर चालतो. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांच्यासाठी डोळ्याचं मशीनही बरोबर ठेवा. जातीचा, उत्पन्नाचा कागदही तलाठ्याला त्याच दिवशी शाळेत बसवून करता येईल. माझं गिऱ्हाईक त्याने कमी होईल. होऊ द्या, मी लग्नपत्रिका छापीन.

शिक्षकांची पदं ठरवताना बाकावरची डोकी मोजा. खोट्या पटाची भीती तुम्हाला आहे, ती खोटीही नाही. पूर्वी शाळांनी पट फुगवले हे आम्हालाही माहीत आहे. पण पोर खरं आहे का हे बघायला शाळा तपासणारे तुमचे केंद्रप्रमुख आहेत, त्यांनी एक दिवस वर्गात येऊन हजेरी घ्यावी. नावातला एक ‘ए’ जास्त झाला म्हणून पोर खोटं ठरत नाही.

आणि फळ्यावर नावं लिहायची नाहीत, असं एक साधं पत्र काढा. आधारची नाही, फीची नाही, दाखल्याची नाही. जे मागायचं ते पालकाकडे मागावं, पोराच्या तोंडावर नाही. या एका पत्राने काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण माझी मुलगी घरी येऊन ‘बाकी’ हा शब्द ज्या सुरात बोलली तो सूर मला नको आहे. तिच्या शेजारी बसणारी कमी प्रतीची आहे, हे तिला दुसरीतच समजलं. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं, फक्त फळा रोज समोर होता.

ती पाड्यावरची पोरगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर गेली. बाईंनी शिक्षण हमी कार्ड करून दिलं, म्हणजे स्थलांतर केलेल्या पोराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड, तेवढं त्यांनी मनापासून केलं, पाड्यावर जाऊन. हंगामी वसतिगृहात पोरीला ठेवायला आई तयार नव्हती. जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली आणि ती बियाण्याची पिशवी माझ्याकडे ठेवून गेली. तिकडे झोपडीत दव पडतं, कागद ओले होतील म्हणाली. पिशवी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला ती परत येईल आणि पहिल्यांदा तीच मागेल. त्याच्या आत मशीन आमच्या शाळेत येणार असेल तर मला दोन दिवस आधी कळवा. दुकान बंद ठेवून रांग लावायला मी येतो.

आपला,
एक केंद्रचालक आणि पालक
ता. चोपडा, जि. जळगाव